थ्रेशरच्या इंजिनाची बोट

आमच्या गावाला नदी नाही. समुद्र पाहिलेली माणसं गावात तीन, त्यातला एक खोटं बोलतो. आहे तो एक मामा तलाव, जुन्या मालगुजारांनी धानाच्या पाण्यासाठी बांधून ठेवलेला. भर पावसाळ्यातही या पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, मारलेली हाक त्या पाळीवर ऐकू जाते, आणि उन्हाळ्यात त्याच्या तळाशी गुरं चरतात. अशा तलावासाठी मी केबिनची बोट विकत घेतली. बावीस फूट लांब, झोपायला दोन बाक, भांडी विसळायला बेसिन, मोटारीसारखं स्टिअरिंग आणि एक संडास.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून ती अंगणात उतरली तेव्हा माझी बायको तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, बोटीला एक फेरी मारली, वर चढून संडासाचं दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "घरी संडास बांधाले तुमाले बारा वर्सं लागले. अन् हा तयार आनला?"

"टुरिस्ट लोकायसाठी हाये," मी म्हणालो.

"कोनते टुरिस्ट?"

"ताडोब्याचे. वाघ पाहून झाला का इकडं येतीन."

"इथी का पाहाले येतीन? मले?"

टुरिस्टांची गोष्ट मी ट्रॉलीवर बसल्या बसल्या रचली होती. खरं कारण पाळीला लागून असलेल्या एका घराच्या ओसरीत बाजेवर पडून होतं, आणि ते बायकोलाही ठाऊक होतं. म्हणून तर तिनं बोट अंगणात राहू दिली.

तो माझा मित्र. जातीनं ढीवर, पिढीजात मासेमार, वयानं माझ्याएवढा आणि स्वभावानं माझ्याहून खट. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. मला पोहायला त्यानंच शिकवलं, म्हणजे पाळीवरून ढकललं आणि वर उभं राहून शिव्या दिल्या. पुढे मी चंद्रपूरला बसच्या वर्कशॉपात लागलो आणि तीस वर्षं इंजिनांखाली उताणा पडून काढली. तो तलावावरच राहिला. पाण्यावरचा बुडबुडा पाहून खाली रोहू आहे की मरळ हे तो सांगायचा, आणि चुकला तर दोष माशाला द्यायचा. मी निवृत्त होऊन गावी आलो त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याची उजवी बाजू गेली.

हात गेला, पाय गेला, तोंड किंचित वाकडं झालं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. शिव्यांचं काही बिघडलं नाही. जरा बरं वाटल्यावर तो काठी टेकत पाळ उतरला आणि आपल्या डोंग्यात जाऊन बसला. डोंगा म्हणजे कोरलेलं एक खोड. त्यात बसणाऱ्याला दोन्ही अंगांनी तोल धरावा लागतो, आणि याचं अंग एकच उरलेलं. पहिल्यांदा पडला तेव्हा लोकांनी काढला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा त्याच्या बायकोनं वल्हं नेऊन शेजारच्या घरी लपवलं. त्या दिवशी त्यानं तिच्याकडून बाज फिरवून घेतली. आधी तो तलावाकडे तोंड करून पडायचा. आता भिंतीकडे.

"भाऊ," त्याची बायको मला म्हणाली, "खातेत, पितेत, शिव्याई देतेत. पन तलावाकडं पाह्यत नाई. असं मानूस किती दिस राह्यते?"

मी रोज त्याच्याकडे जायचो. दोघं मिळून भिंत पाहायचो. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आणि एक पाल. मी बंद पडलेल्या बसगाड्यांवर आयुष्य काढलेला माणूस. बंद पडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात आणि काही करता आलं नाही की डोकं फिरतं. त्या भिंतीचा मला इतका राग आला की एकदा मी कॅलेंडर फाडून टाकलं. तो म्हणाला, "आता का पाहू? तुह्यं थोबाड?"

अशातच मी चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याकडे जुनं वेल्डिंग मशीन पाहायला गेलो. तिथं ही बोट कुशीवर पडली होती. कुठल्याशा जलाशयावर हौसेनं आणलेली, थोडे दिवस चाललेली, मग इंजिन काढून घेऊन विकलेली. भंगारवाला तिचे दोन तुकडे करून म्हशींसाठी दोन हौद बनवणार होता. मी आत चढलो. मागच्या टोकाला उघड्यावर एक सपाट जागा होती, तिन्ही बाजूंनी कठडा. इथं खुर्ची बसेल, मी मनात म्हटलं. खुर्ची बांधताही येईल. बाकी बोट मी नीट पाहिलीच नाही. एका दुभत्या म्हशीहून स्वस्तात ती मला मिळाली, आणि मी विचार बदलीन या भीतीनं भंगारवाल्यानं ट्रॉलीत चढवायला स्वतः खांदा दिला.

वाटेत जंगल नाक्यावर अडवलं. तिथल्या माणसानं रजिस्टर उघडलं. त्यात सागवान, बांबू, तेंदूपत्ता, गुरं अशा सगळ्यांना रकाने होते.

"हे का हाये?"

"बोट."

"कोन्या नदीची?"

"नदी नाई. तलाव हाये."

त्यानं केबिनमध्ये शिरून फळ्या ठोकून पाहिल्या, सागवान निघालं नाही म्हणून थोडा नाराज झाला आणि 'इतर' या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, 'रिकामी बोट, पाण्याशिवाय.' त्या दोन वर्षांत माझ्या उद्योगाबद्दल कोणी लिहिलेलं एवढंच खरं वाक्य.

बोटीच्या पोटाला हातभर भेग होती. फायबरचं काम करणारा माणूस आमच्या भागात एकाच प्रकारचा मिळतो, रिसॉर्टच्या गेटसाठी वाघ बनवून देणारा. तो आला, त्यानं भेग उत्तम बुजवली, घासून गुळगुळीत केली. पण त्याच्याजवळ शिल्लक रंग वाघाचाच होता. पांढऱ्या बोटीच्या पोटावर नारिंगी ठिगळ बसलं. मी जेवायला घरात गेलो आणि परत येऊन पाहतो तर त्यानं त्यावर काळे पट्टेही ओढून ठेवले होते. "हात थांबलाच नाई, भाऊ," तो ओशाळून म्हणाला. करायला गेलो गणपती, झाला मारुती. गावात बोटीला वाघीण म्हणायला सुरुवात झाली.

माझा मित्र मात्र तिला हौद म्हणायचा. मी समोर असलो की तो बोटीचं नावही काढायचा नाही. पण मी घरी पोचलो की मागोमाग त्याची बायको यायची. "त्यायनं इचारलं, भोक आतून बुजवलं का बाहीरून?"

"बाहीरून."

ती जायची आणि परत यायची. "त्यायनं सांगतलं, गाढवा, आतूनई बुजव."

मग मी आतूनही बुजवायचो. असे निरोप वर्षभर चालले. पाणी मागे लोटणाऱ्या पंख्याचा लोखंडी दांडा किती गंजलाय, पंख्याला पाती किती, रिकामी बोट एका अंगाला कलते का. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसानं ती बोट माझ्यापेक्षा जास्त तपासली. मी त्याच्या बायकोला म्हणालो, त्याले म्हना येऊन पाह्य एकदा. निरोप आला, हौद का पाहाचा.

इंजिनाचं घोडं मात्र पेंड खात होतं. पहिल्या वर्षी मी एका मोडक्या जीपचं इंजिन बसवलं. अंगणात ते झकास चालायचं. गावातली माणसं संध्याकाळी येऊन बोटीत बसायची, मी इंजिन सुरू करायचो, सगळे थोडा वेळ हलायचे आणि फिरून आल्यासारखे उतरून घरी जायचे. पण तलावात घालायच्या आदल्या दिवशी इंजिनाचं हेड फुटलं. दुसरं हेड शोधून आणेपर्यंत धानाला पाणी द्यायची वेळ आली आणि तुडूम उघडला. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचा दरवाजा. तो एकदा उघडला की महिनाभरात आमचा तलाव म्हणजे मधे डबकं आणि भोवती चिखल. बोट अंगणातच राहिली. बायकोनं तिच्या कठड्यावर मिरच्या वाळत घातल्या.

मी त्याला सांगायला गेलो. "पुढच्या वर्सी नक्की."

"पुढचं वर्स कोनं पाह्यलं," तो भिंतीला म्हणाला.

शिवी नाही, काही नाही. साठ वर्षांत त्यानं मला बिनशिवीचं एक वाक्य ऐकवलं नव्हतं. मी घाबरलो. बाहेर आल्यावर त्याच्या बायकोनंही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी थ्रेशरवाल्याला गाठलं. पूर्वी धान चुरायचं झालं की सगळं गाव त्याच्या दारात उभं असायचं. आता बाहेरून मोठमोठी कापणी यंत्रं येतात, आणि त्याचा थ्रेशर कोठ्यात पडून. त्याचं इंजिन एका सिलिंडरचं, हॅंडल मारून सुरू होणारं, थुकथुक करणारं. "इंजन नाई, बैल हाये थो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही या अटीवर बैल द्यायला तयार झाला. बसवायलाही स्वतः आला.

बैल केबिनमध्ये एका बाकाच्या जागी बसला. तिथून मागच्या दांड्यापर्यंत चामड्याचा पट्टा न्यायचा तर मधे संडास. त्या बोटीत माझ्या बायकोला मान्य असलेली ती एकच गोष्ट. आम्ही समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं पाडली आणि पट्टा संडासातून आरपार नेला. मी ऑइल पाहिलं, नट कसले, दांडा सरळ आहे की नाही ते दोरी लावून तपासलं. पट्टा तेवढा पाहिला नाही. पट्टा थ्रेशरवाल्यानं टाकला होता, आणि संडासाचं दार सवयीनं लावून घेतलं होतं.

अंगणात बैलाला हॅंडल मारलं. मागचा पंखा गरगर फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणत्या बाजूनं फिरतो हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

भादव्यात तलाव तुडुंब भरला. मी मित्राकडे गेलो आणि म्हणालो, "उद्या सकाळी."

"मी का टुरिस्ट हावो?"

"तू नाई आला तं मी त्या बोटीत म्हसी बांधीन."

"म्हसीले अक्कल हाये. थे नाई बसनार."

मी भडकलो. दोन वर्षांची सगळी गरळ तिथं ओकली. ओंडक्यासारखा पडून राहतो म्हणालो, तुझ्यासाठी लोक मला येडा म्हणतात म्हणालो, तुझ्या बायकोकडे एकदा वळून पाह्य म्हणालो.  तो डाव्या हातानं भिंतीवरचा पोपडा खरवडत म्हणाला, "खुर्ची कुठी ठेवली?"

दुसऱ्या दिवशी चौघांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलला. पाळ चढताना त्यानं डोळे मिटून घेतले ते उघडलेच नाहीत. गुरं पाण्यावर जातात त्या उतारावरून ट्रॉली मागे नेत आम्ही बोट पाण्यात सोडली. ती तरंगली. ते पाहून मला इतकं आश्चर्य वाटलं की मी हात सोडले आणि लोकांनी तिला धरून ठेवली. केबिनमधून पुढे जायचा रस्ता अरुंद, म्हणून त्याची खुर्ची मागच्या टोकाला, ठरवल्याप्रमाणे, पाण्याकडे तोंड करून कठड्याला दोरखंडानं बांधली. त्याच्या बायकोनं नवीन डोंग्याची करतात तशी पूजा केली. बोटीच्या पुढच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, एक अंडं पाण्यात सोडलं. मासेमारांच्या सोसायटीच्या अध्यक्षानं शिंगाड्याच्या वेलांत शिरायचं नाही अशी सर्वांसमक्ष ताकीद दिली. शिंगाडे आमच्या पाठीमागे, डाव्या हाताला होते. मी म्हटलं, आमाले समोर जाचं हाये, तिकडं कायले जाऊ.

मी स्टिअरिंग धरलं. थ्रेशरवाल्यानं हॅंडल मारलं. बैल थुकथुकला, बोट थरथरली, आणि समोरचं हळदकुंकू लावलेलं नाक जिथल्या तिथं ठेवून आम्ही मागे निघालो.

आधी मला वाटलं वाऱ्यानं सरकतोय. मी टक लावून पुढचं पाणी पाहत होतो आणि ते लांब जात होतं. पाळीवरून आरडाओरडा सुरू झाला, "मांगं! मांगं जाऊन राह्यली!" मी डावीकडे फिरवलं, बोट थोडा विचार करून उजवीकडे वळली. उजवीकडे फिरवलं तर तिनं विचारच केला नाही. सगळ्यांत पुढे मागचं टोक, त्यावर खुर्चीला बांधलेला माझा मित्र, त्याच्यामागे थुकथुकणारा बैल, आणि सर्वांत शेवटी मी, उलट्या दिशेला तोंड करून स्टिअरिंग फिरवणारा. अशी वरात शिंगाड्याच्या वेलांत शिरली. अध्यक्षानं पाळीवर डोक्याला हात लावला. पंख्यात वेल गुंडाळले गेले आणि बैल खोकून बंद पडला.

मी धावत जाऊन संडासाचं दार उघडलं. पट्टा एक पीळ देऊन आडवा टाकलेला.

"हा कोनं असा टाकला?"

थ्रेशरवाला माझ्याकडे भोळेपणानं पाहत राहिला. "पट्टा तं असाच टाकाचा राह्यते."

थ्रेशरवर असाच टाकतात. ड्रम इंजिनाच्या उलट्या बाजूनं फिरला पाहिजे, नाहीतर धान झडत नाही, म्हणून पट्ट्याला पीळ देतात. वीस वर्षं त्यानं दुसऱ्या प्रकारे पट्टा टाकला नव्हता. माझ्या तीस वर्षांत मी पिळाचा पट्टा पाहिला नव्हता. वाघ बनवणाऱ्याला मी हसलो होतो, आणि इथं आम्ही दोन शहाणे आपापल्या सवयी घेऊन पाण्यात उतरलो होतो.

"दहा मिनिटाचं काम हाये," मी म्हणालो, आणि पाना घ्यायला वळलो.

"राहू दे."

तो माझा मित्र होता. मी मागे, म्हणजे पुढे, गेलो. त्याचे डोळे उघडे होते. केव्हा उघडले कोणास ठाऊक. तोंडावर पाण्याचे थेंब होते आणि कानात एक शिंगाड्याचा वेल अडकला होता. त्याच्यासमोर बोट नव्हती, केबिन नव्हती, मी नव्हतो. नुसता तलाव.

"काऊन राहू दे? उलटी चालून राह्यली ना बे थे!"

"पुढं कोन बसला हाये?"

"तू."

"मंग सुलटीच चालून राह्यली."

मी पान्याचा नाद सोडला. थ्रेशरवाल्यानं पंख्यातले वेल कापले, बैल पुन्हा सुरू केला आणि आम्ही तसेच उलटे, वाकडेतिकडे, तलावाच्या मधोमध पोचलो. रस्ता तो सांगत होता, डाव्या हातानं. मी त्याच्याकडे पाठ करून स्टिअरिंग धरलेलं, त्यामुळे त्याचा हात थ्रेशरवाला पाहायचा, मला ओरडून सांगायचा, मी बरोबर उलट फिरवायचो. तीन माणसांनी मिळून एक बोट हाकायची ही रीत जगात इतरत्र नसावी. पण पाचव्या मिनिटाला ती जमली.

मधे पोचल्यावर तो म्हणाला, "बंद कर थो बैल. मासे भिवून राह्यले."

ज्या इंजिनासाठी दोन पावसाळे गेले ते बंद झालं. एकदम शांत झालं. तो पाण्याकडे बघत होता. एक बुडबुडा आला.

"मरळ," तो म्हणाला. मग म्हणाला, "बांबू दे."

बोट काठापासून ढकलायला आणलेला लांब बांबू केबिनच्या टपावर बांधलेला होता. मी दिला. त्यानं तो डाव्या हातात धरला, दुसरं टोक पाण्यात सोडलं, तळ लागल्यावर बांबू काखेत दाबला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. काही झालं नाही. एका हातानं ती बोट हलणार कशी, आत बैल, थ्रेशरवाला, मी. त्यानं पुन्हा भार टाकला. त्याची मान लाल झाली. मी पुढे सरकलो तर त्यानं अशी काही शिवी दिली की ती मी इथं लिहू शकत नाही. दोन वर्षांत मी ऐकलेला तो सर्वांत चांगला शब्द होता. तिसऱ्या वेळी बोट हलली. वीतभर. मग हातभर. मग ती आपली आपण बुडबुड्याच्या दिशेनं निघाली.

मी केबिनमध्ये जाऊन गरम इंजिनाशेजारी उरलेल्या बाकावर बसलो आणि रडलो. आनंद तर होताच, पण रागही होता. नुसता एक रुंद हौद आणि एक बांबू पुरला असता, हे त्यानं मला वर्षभर निरोप पाठवताना एकदाही सांगितलं नव्हतं.

परत आलो तेव्हा त्याची बायको दुसरा नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. गावानं मधल्या वेळात ठरवून टाकलं होतं की पूजा चुकीच्या टोकाला झाली, म्हणून बोट रुसली. तिनं मागच्या टोकाला हळदकुंकू लावलं, मग तोच हात नवऱ्याच्या कपाळाला पुसला. त्यानं तिला शिवी दिली. ती हसत हसत पाण्यातच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. भिंतीसमोर कोणी नव्हतं. बाज फिरवून तलावाकडे केलेली, आणि उशाशी शेजारच्या घरून परत आलेलं वल्हं. तो पाण्याकडे पाहत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

"पट्टा सुलटा केला का?"

"नाई."

"करू नको."